१० लाख रुपये रहिवाशांच्या मतदानाने वाटायचेत? मग गूगल फॉर्म बनवायच्या आधी हे वाचा

प्रश्न थोडक्यात असा आलाय: "पुण्यात आमच्या भागातल्या अकरा सोसायट्यांचं फेडरेशन आहे, शेजारीच मोठी वस्ती आहे. एक कंपनी सीएसआरमधून (कंपन्यांना कायद्याने सामाजिक कामासाठी काढावा लागणारा पैसा) १० लाख रुपये भागातल्या छोट्या सामाजिक संस्थांना द्यायला तयार आहे, पण कुणाला द्यायचे ते रहिवाशांनी मत देऊन ठरवावं असं त्यांचं म्हणणं आहे. मी फेडरेशनची सेक्रेटरी. गूगल फॉर्म टाकायचा, ज्याला जास्त मतं त्याला पैसे, एवढं पुरेल का? नंतर भांडणं नकोत."

ताई, पुरणार नाही. आणि भांडणं होतील, तीही जे लोक आज तुमच्यासोबत आहेत त्यांच्यातच. मी गेली बरीच वर्षं वेगवेगळ्या भागात अशी मतदानं घेतलीयत, कधी ट्रस्टच्या पैशाची, कधी कंपनीच्या, आणि सुरुवातीला तुमच्यासारखंच वाटायचं की लोकांना विचारलं म्हणजे झालं, त्यात अवघड काय. अवघड असतं ते मोजणं. मतं कशी मोजणार हे जे तुम्ही ठरवाल त्यावर कोण जिंकणार ते बरंचसं आधीच ठरतं, आणि त्याच गोष्टीवर मीटिंगमध्ये कुणी पाच मिनिटं पण बोलत नाही, सगळा वेळ बॅनरवर कुणाचा फोटो यात जातो. म्हणून या उत्तरात मी मोजणीवरच जास्त लिहिणार आहे, बाकीचं पटपट.

आधी पैशाचा रस्ता बघून घ्या, कारण इथे अडकलं तर मतदान होऊनही पैसे येत नाहीत. १ एप्रिल २०२१ पासून जी संस्था कंपनीकडून सीएसआरचा पैसा घेऊन काम करणार तिची केंद्राच्या कंपनी व्यवहार मंत्रालयाकडे सीएसआर-१ या फॉर्मने नोंदणी असावी लागते, सोबत आयकर खात्याकडची १२ए (संस्थेला करमाफी) आणि ८०जी (देणगीदाराला करसवलत) ही नोंदणी पण लागते. सोसायट्यांच्या फेडरेशनकडे हे सहसा नसतं, आणि ज्यांना तुम्ही पैसे द्यायला निघालाय ती महिला मंडळं, अभ्यासिका, ज्येष्ठ नागरिक संघ यांच्यातल्या निम्म्यांकडे धर्मादाय आयुक्तांकडची नोंदणी पण नसेल. याचा अर्थ त्यांना बाहेर ठेवायचं असा अजिबात नाही, उलट त्यांच्यासाठीच तर हे सगळं करायचंय. भागातली किंवा शहरातली कागदपत्रं व्यवस्थित असलेली एक नोंदणीकृत संस्था पुढे करा, पैसे तिच्या खात्यात येतील, छोट्या गटांचं काम तिच्या नावाने बिलं घेऊन होईल, आणि ती संस्था स्वतः मतदानात उभी राहणार नाही. हे शेवटचं लेखी घ्या. मी एकदा तोंडी ठेवलं होतं आणि मग अर्ज आले त्यात पहिलाच अर्ज तिचा होता. कंपनीकडूनही लेखी घ्या की निकषात बसणाऱ्या अर्जांमधून लोक जे निवडतील ते त्यांच्या सीएसआर कमिटीला मान्य असेल. नंतर कुणी साहेब म्हणाले की आम्हाला ते झाडांचं प्रोजेक्ट जास्त आवडलं होतं, तर तुमच्यावर कुणी परत विश्वास ठेवणार नाही.

दुसरी गोष्ट, कशावर मत घ्यायचं नाही ते ठरवा. फूटपाथ, बाक, पथदिवे, स्वच्छतागृह दुरुस्ती असले अर्ज तुमच्याकडे ढिगाने येतील कारण लोकांना रोज तेच टोचतं. पण ते महापालिकेचं काम आहे आणि त्यासाठी पुण्यात वेगळी सोय आहे. पुणे महापालिकेने २००६-०७ पासून नागरिकांनी सुचवलेली कामं अंदाजपत्रकात घ्यायला सुरुवात केली, साधारण पावसाळ्याच्या शेवटी क्षेत्रीय कार्यालयात अर्ज घेतात, एका कामाला ५ लाखांपर्यंतची मर्यादा अशी ती योजना. तिथे नागरिक सुचवतात, पण निवड प्रशासन आणि प्रभाग समितीच्या पातळीवर होते, लोकांचं थेट मतदान नसतं. तिच्या मर्यादा मला चांगल्या माहितीयत, दरवर्षी मी अर्ज भरून देतो आणि दरवर्षी काहीतरी मागे राहतंच. तरीसुद्धा बाक आणि दिवे तिकडेच मागा. तुमचे १० लाख अशा कामाला ठेवा जे महापालिका करणार नाही, म्हणजे माणसं चालवतात ती कामं. संध्याकाळची अभ्यासिका, घरकामाला जाणाऱ्या बायकांच्या मुलांचं पाळणाघर, अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्यांकडे जाऊन येणारा गट, मुलींचा कबड्डीचा संघ, ओल्या कचऱ्याचं खत करणारा बचतगट. फॉर्मवर सरळ लिहा की बांधकाम चालणार नाही, आणि आलेले बाक-दिव्यांचे अर्ज फेकू नका, ते गोळा करून तुमच्या फेडरेशनतर्फे क्षेत्रीय कार्यालयात द्या, लोकांना बरं वाटतं की आपला कागद कुठेतरी पोचला.

आता मुख्य मुद्दा. मी पहिल्यांदा हे केलं तेव्हा नियम होता एका माणसाला एक मत, जास्त मतं त्याला पैसे. सोपं, सगळ्यांना कळणारं. उभे राहिलेल्यांत एक तरुण मंडळ होतं, चांगली पोरं, त्यांना व्यायामशाळेचं साहित्य हवं होतं, आणि कचरा वेचणाऱ्या आणि घरकाम करणाऱ्या काही बायकांचं पाळणाघर होतं, एका खोलीत बावीस मुलं. पोरांनी काय केलं, जे आपण सांगितलं तेच केलं. मतं आणा म्हटलं, त्यांनी आणली. प्रत्येकाने घरची, मित्रांची, मित्रांच्या घरची मतं पाडून घेतली, दुपारपर्यंत पेटी भरली. मतदानाची वेळ आम्ही ठेवली होती सकाळी दहा ते पाच, आणि त्या बायका सकाळी सहाला जातात आणि संध्याकाळी येतात. निकाल लागल्यावर त्यांच्यातल्या एक मावशी मला म्हणाल्या, "मतदान होतं ते आम्हाला पेटी उचलून नेली तेव्हा कळलं दादा." त्यांना राग आला नव्हता, हे मला जास्त लागलं. त्यांना ते नेहमीसारखंच वाटलं.

तेव्हापासून मी एका माणसाला एक मत हा नियम अशा वाटपात कधीच ठेवत नाही. एकच मत दिलं की माणूस आपल्या ओळखीच्याला देतो आणि चिठ्ठी टाकून निघून जातो, बाकीचे अर्ज वाचायचं त्याला काही कारणच उरत नाही. त्याच्याऐवजी किमान तीन वेगवेगळ्या संस्थांना मत दिलंच पाहिजे, नाहीतर चिठ्ठी बाद, हा नियम ठेवा. यातून काय होतं बघा, मंडळातला पोरगा पहिलं मत मंडळालाच देणार, द्यावं, त्यात गैर काही नाही, पण दुसरं आणि तिसरं द्यायला त्याला पोस्टर वाचावं लागतं, आणि तिथे तो आपल्या मनाने देतो कारण त्याबद्दल त्याला कुणी सांगून पाठवलेलं नसतं. माझा अनुभव असा की निकाल या दुसऱ्या-तिसऱ्या मतांवर फिरतो. छोट्या, कुणाच्या न ओळखीच्या पण कामाने चांगल्या गटांना हीच मतं वर आणतात. स्वित्झर्लंडमध्ये आराउ नावाचं छोटं शहर आहे, तिथे २०२३ मध्ये ५०,००० फ्रँक असेच लोकांनीच सुचवलेल्या आणि लोकच करणार अशा कामांना वाटले, तिथे प्रत्येकाला १० गुण दिले होते आणि ते कमीत कमी तीन कामांत वाटायचे अशी अट होती. हे वाचलं तेव्हा मला फार बरं वाटलं की आपण इथे धडपडत जिथे पोचलो तिथे दुसरे लोकही पोचलेत.

पण तेवढ्यानेही एक प्रश्न सुटत नाही आणि तुमच्याकडे तो नक्की येणार, कारण तुमच्याकडे सोसायट्या आहेत आणि वस्ती आहे. उदाहरण घेऊन सांगतो, आकडे समजण्यापुरते आहेत. समजा १,००० लोकांनी मत दिलं, ६०० सोसायट्यांतले, ४०० वस्तीतले, आणि पैसे १० लाख. सोसायटीवाल्यांना तीन कामं आवडली, एक साडेतीन लाखाचं, एक अडीच लाखाचं, एक चार लाखाचं, तिघांना प्रत्येकी ६०० मतं. वस्तीतल्या लोकांना दुसरी तीन आवडली, २ लाख, १ लाख २० हजार आणि ८० हजार, तिघांना प्रत्येकी ४०० मतं. आता जास्त मतं त्याला आधी या हिशोबाने वरून खाली या. साडेतीन, अडीच, चार, झाले १० लाख, पैसे संपले. १,००० मधल्या ४०० लोकांच्या वाट्याला शून्य. कुणी चोरी केली नाही, कुणी खोटं मत टाकलं नाही, मोजणी बरोबर, आणि तरी दर पाच माणसांमागे दोघांना काहीच नाही, आणि पुढच्या वर्षीही नाही कारण संख्या तीच राहणार. मग ते पुढच्या वर्षी येतच नाहीत आणि आपण म्हणतो वस्तीतल्या लोकांना इंटरेस्ट नसतो.

याच्यावर उपाय असलेली मोजणी आहे, इंग्रजी नाव काहीही असो, मी लोकांना सांगताना 'समान वाटा' म्हणतो. डोक्यात असं आणा की १० लाख आधी मत देणाऱ्या १,००० लोकांत वाटले, प्रत्येकाच्या नावे हजार रुपये. खरे हातात द्यायचे नाहीत, नुसते कागदावर. आता एखादं काम मंजूर व्हायचं असेल तर ज्यांनी त्याला मत दिलं त्यांच्याच नावच्या पैशातून त्याचा खर्च निघाला पाहिजे. साडेतीन लाखाचं काम ६०० जणांचं, माणशी ५८३ रुपये गेले. अडीच लाखाचं, माणशी ४१७. त्यांचे हजार संपले, म्हणून चार लाखाचं तिसरं काम होत नाही. इकडे ४०० जणांचे हजार-हजार म्हणजे चार लाख जसेच्या तसे आहेत, त्यातून दोन लाख, एक लाख वीस हजार, ऐंशी हजार, तिन्ही कामं बसली. ६० टक्के लोकांना ६ लाख, ४० टक्के लोकांना ४ लाख. कुणाला आरक्षण दिलं नाही, वस्ती-सोसायटी असा शिक्का कुणाच्या चिठ्ठीवर मारला नाही, फक्त एकाचे पैसे दोनदा मोजले नाहीत एवढंच.

आराउमध्ये हीच पद्धत वापरली होती. ३३ कामं मतदानाला होती, त्यातली १७ मंजूर झाली, नेहमीच्या पद्धतीने वरून खाली गेले असते तर ७ च झाली असती. पोलंडमधल्या व्येलिच्का गावानेही त्याच वर्षी ही पद्धत वापरली. खऱ्या मतदानात लोकांच्या आवडी अशा दोन गटात सरळ पडत नाहीत, एकमेकांत मिसळतात, त्यामुळे हिशोब थोडा लांबतो, क्रम ठरवायला लागतो की कुठलं काम आधी घ्यायचं, ते मत देणाऱ्यावर माणशी कमी भार पडणाऱ्या कामापासून सुरू करतात. शेवटी थोडे पैसे उरतात, त्याचं काय करायचं तेही आधी लिहून ठेवा. एक्सेल येणारा एखादा पोरगा रविवारच्या दुपारी हे बसवून देतो, पण मोजणी पेटीतून एक्सेलमध्ये आणि एक्सेलमधून थेट निकालात अशी नको. फळा घ्या, सगळ्या संस्थांची दोन-दोन माणसं समोर बसवा, आणि पैसे कसे कमी होत जातात ते फळ्यावर दाखवत जा. पहिल्या वर्षी लोक विचारतात की ज्याला ६०० मतं त्याला नाही आणि ४०० वाल्याला कसं काय. मी तेव्हा भिशीचं उदाहरण देतो. भिशीत गल्लीतल्या सात घरांनी पैसे घातले आणि पलीकडच्या गल्लीतल्या पाच घरांनी घातले, तर सात घरं जास्त आहेत म्हणून पाच घरांची उचल पण त्यांनीच घेतली असं चालतं का? लगेच कळतं, समजावत बसावं लागत नाही.

हे सगळं अगदीच जड वाटत असेल, पहिलंच वर्ष आहे, तर निदान एवढं करा की एका संस्थेला दीड लाखाच्या वर नाही अशी मर्यादा घाला, आणि ५० हजारांच्या आतल्या कामांसाठी ३ लाख वेगळे काढून ठेवा, त्यांची मतपत्रिका वेगळ्या रंगाची. समान वाट्याइतकं चोख नाही, पण छोटे गट मोठ्यांच्या खाली चिरडले जात नाहीत. गरजेचं वजन धरणं हा तिसरा मार्ग. ब्राझीलमधल्या पोर्तो अलेग्रे शहरात १९८९ पासून लोकांनी महापालिकेचं बजेट ठरवायला सुरुवात केली, सगळीकडे उदाहरण देतात ते हेच, तिथे नुसती मतं मोजत नव्हते, कुठल्या भागात काय सोयी मुळातच नाहीत आणि लोकसंख्या किती हे पण धरायचे, त्यामुळे गरीब भागांकडे पैसा जास्त वळला. पण आपल्यासारख्या छोट्या वाटपात कुठली वस्ती किती गरीब याचे गुण कोण देणार यावरच चार मीटिंगा जातात, म्हणून मी त्यात पडत नाही.

कोणती पद्धत ते ठरवा आणि अर्ज मागवायच्या आधी ठरवा. परत लिहितो, अर्ज यायच्या आधी. अर्ज आले की प्रत्येकाला समोर चेहरे दिसायला लागतात आणि मग नियमावर बोलताना माणूस मनात नावं मोजत असतो, मी पण मोजतो, त्यातून कुणी सुटत नाही.

मत कुणी द्यायचं. तुमच्या मनात असेल सोसायटीचे मेंबर आणि वस्तीतले मतदारयादीतले, पण असं करू नका. भाडेकरू, पीजीमध्ये राहणाऱ्या मुली, वॉचमन आणि त्याचं कुटुंब, बांधकामावरचे मजूर जे इथे दोन वर्षांपासून राहतायत, हे सगळे रहिवासीच आहेत. पॅरिसमध्ये २०१४ पासून असं मतदान होतं आणि तिथे नागरिकत्व विचारत नाहीत, शहरात राहता ना, मग द्या मत. न्यूयॉर्कमध्ये २०११ पासून काही वॉर्डांत सुरू झालं, तिथे पुढे ११ वर्षांच्या मुलांपर्यंत मत दिलं गेलं. मी वय दहा ठेवतो. मुलांना घेतलं की अभ्यासिका आणि मैदानाच्या अर्जांना खरी मतं पडतात, आणि दुसरं म्हणजे मुलं घरी जाऊन बोलतात, आईला हाताला धरून पेटीपाशी आणतात, आमचं अर्धं प्रचाराचं काम मुलांनीच केलंय.

ओळख पटवायला आधारची झेरॉक्स मागू नका, हात जोडून सांगतो. एक तर ती झेरॉक्स नंतर कुठे जाते याची जबाबदारी तुम्ही घेऊ शकत नाही, आणि आधार मागितलं की बाहेरगावच्या पत्त्याचे लोक पेटीपासूनच परत जातात. वहीत नाव, गल्ली किंवा बिल्डिंग, सही किंवा अंगठा, आणि पेटीपाशी बसणारी दोन माणसं त्याच भागातली, एक सोसायटीतलं एक वस्तीतलं. त्यांना सगळे ओळखू येतात. दुसऱ्यांदा आलेल्याला वस्तीतल्या ताई अशा काही बघतात की तो स्वतःच मागे फिरतो. चिठ्ठ्यांवर नंबर छापून घ्या, किती छापल्या, किती वापरल्या, किती उरल्या हे मोजणीच्या दिवशी सगळ्यांसमोर लिहा.

गूगल फॉर्मचं. नुसत्या फॉर्मवर मतदान घेऊ नका. एकाने एकदाच भरायचा अशी सोय चालू केली तर लॉगिन लागतं आणि ज्या घरात चौघांत एक फोन आहे तिथे एकच मत पडतं, ती सोय बंद ठेवली तर एकच माणूस पन्नास वेळा भरतो. दोन्हीकडून तुम्हीच अडकता. सोसायट्यांतल्या लोकांना फोनवरून सोपं पडतं हे खरंय, त्यांच्यासाठी फ्लॅट नंबरनुसार कोड वाटता येतात, प्रत्येक माणसाला एक, पण मग कागदाची पेटी पण तितकेच दिवस चालू ठेवा आणि फोनवर मत दिलेल्यांची नावं वहीत आधीच खुणावून ठेवा. पेटी एका जागी ठेवून लोकांची वाट बघत बसण्यापेक्षा पेटी फिरती ठेवलेली बरी. सकाळी साडेपाचला दूध केंद्रावर, संध्याकाळी सात ते दहा वस्तीच्या चौकात, रेशन दुकानापाशी धान्य येतं त्या दिवशी, रविवारी भाजी मंडईत. त्या मावशींच्या वाक्यानंतर मी वेळापत्रक कायम सगळ्यात उशिरा घरी येणाऱ्या माणसापासून उलटं लावत येतो.

मतपत्रिकेवर नुसती संस्थेची नावं नकोत. नाव, एका ओळीत काम, किती पैसे, आणि चित्र. वाचता न येणाऱ्यांसाठी चित्र पाहिजेच, पण कमळ-पंजा-घड्याळ-धनुष्यबाण यांच्या जवळपास जाणारं काही नको, हे सांगायला लागतं कारण एकदा भिंतीवरच्या घड्याळाचं चित्र अभ्यासिकेने दिलं होतं, बिचाऱ्यांच्या डोक्यातही नव्हतं, आणि त्यावरून दोन दिवस वाद झाला. आणि क्रम बदलत ठेवा, चार प्रकारच्या मतपत्रिका छापा ज्यात क्रम वेगळा असेल, वरच्या दोन नावांना नुसतं वर असल्याची मतं पडतात.

आता एक गोष्ट जी मला मोजणीइतकीच महत्त्वाची वाटते. मतदानाच्या आधी एखाद्या दिवशी सगळ्यांना एकत्र आणा. शाळेचा हॉल घ्या, प्रत्येक गटाला एक टेबल आणि तीन मिनिटं बोलायला. प्रोजेक्टर नको, ज्याला प्रोजेक्टर वापरता येतो तो आधीच पुढे असतो. स्कॉटलंडमध्ये एडिंबरा शहरात लीथ म्हणून बंदराचा भाग आहे, तिथे २०१० च्या सुमारास असंच सुरू झालं, भागातले गट एका हॉलमध्ये टेबलं मांडून बसायचे, लोक फिरून बघायचे, बोलायचे आणि मग मत द्यायचे. आपल्याकडे तर हे अजून चांगलं होतं कारण आपल्याला जत्रेची सवय आहे. कबड्डीच्या मुली तिथेच दोन चढाया करून दाखवतात, खतवाल्या बायका मूठभर खत पुडीत बांधून देतात. पण खरी गोष्ट होते ती टेबलांच्या मागे, गटागटांमध्ये. त्यांना एकमेकांची ओळखच नसते. एका वर्षी ज्येष्ठ नागरिक संघाला दुपारी बसायला जागा हवी होती आणि त्यासाठी भाड्याचे पैसे मागितले होते, शेजारच्या टेबलावर अभ्यासिकावाले, त्यांची खोली दुपारी रिकामी. पाच वाजेपर्यंत आजोबा लोकांनी आपला अर्ज मागे घेतला आणि अभ्यासिकेला मत द्या म्हणून सांगत फिरायला लागले. म्हणून मेळावा आणि मतदान यात आठवडाभर तरी ठेवा, आणि त्या आठवड्यात अर्ज बदलायला, दोन अर्ज एकत्र करायला परवानगी असू द्या.

गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाबद्दल तुम्ही ऐकलं असेल, 'दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' ही त्यांची घोषणा. तिथे ग्रामसभा मतदान घेतच नाही, सगळ्यांची संमती होईपर्यंत बोलत राहतात. कुणी मला विचारतं की मग तुम्ही मतदान कशाला घेता. हजारो अनोळखी लोकांच्या भागात, जिथे भाडेकरू दर अकरा महिन्यांनी बदलतात, सर्वसंमती म्हणजे जो मीटिंगला शेवटपर्यंत बसतो त्याची संमती होते. म्हणून मत घ्यावं लागतं. पण तो मेळाव्याचा एक दिवस मी त्यांच्याकडूनच घेतलाय असं मी मानतो.

अर्ज तपासायला पाच जणांची समिती पुरे, त्यांनी आवडनिवड बघायची नाही, फक्त चार गोष्टी बघायच्या: काम याच भागातलं आहे का, मागितलेल्या पैशात होईल का, वर्षभरात होईल का, आणि कुठल्या पक्षाचं किंवा पक्षाच्या माणसाच्या नावाचं तर नाही ना, राजकीय पक्षाला गेलेला पैसा सीएसआरमध्ये धरत नाहीत. नगरसेवकांना किंवा माजींना मेळाव्याला बोलवा, मान द्या, पण स्टेज ठेवूच नका म्हणजे कुणाला बसवायचं हा प्रश्न येत नाही. अर्ज नाकारला तर कारण लेखी द्या आणि दुरुस्त करायला आठ दिवस द्या. छोट्या गटांना अर्ज भरायला मदत करणारं माणूस दोन संध्याकाळ वस्तीत बसवा. याला लोक पक्षपात म्हणतात. मी म्हणतो की ज्यांच्याकडे इंग्रजीत प्रपोजल लिहिणारी सून आहे आणि ज्यांच्याकडे नाही त्यांना एका रेषेवर उभं करायचं तर एवढं करावंच लागतं, आणि मदत सगळ्यांसाठी उघडी ठेवा, सोसायटीवाल्यांनीही यावं.

निकालानंतरचं सांगतो, कारण अशी बरीच कामं इथे मरतात. एका वर्षी मतदान झालं, पेढे वाटले, आणि पैसे द्यायचे होते त्यांच्याकडून ते आठ महिन्यांनी आले. तोपर्यंत पाळणाघराची खोली भाड्याअभावी सुटली होती. त्या बायकांनी मतदान जिंकलं होतं, यावेळी खरंच जिंकलं होतं, आणि मुलं पुन्हा रस्त्यावर आयांच्या मागे. ते मला अजून सहन होत नाही. तेव्हापासून माझी एकच अट असते, मतदानाची तारीख जाहीर व्हायच्या आधी पूर्ण रक्कम त्या पुढे केलेल्या संस्थेच्या खात्यात पाहिजे. कंपनी म्हणाली की निकालानंतर टाकतो, तर तारीख पुढे ढकला. तुमच्यासाठी ते अवघड आहे हे कळतंय, देणाऱ्याला असं बोलायला जीभ रेटत नाही, पण बोला.

पैसे दोन हप्त्यात द्या, पहिला निकालापासून महिन्याच्या आत आणि तो मोठा ठेवा, साठ-सत्तर टक्के, कारण छोट्या गटाकडे आधी स्वतःचे घालून नंतर मागायला काहीच नसतं. दुसरा हप्ता अर्धं काम झाल्यावर, आणि काम बघायला समितीने नाही जायचं, ज्यांनी त्या कामाला मत दिलं त्यांच्यातल्या तिघांनी जायचं, चिठ्ठीच्या नंबराची सोडत काढून बोलवा, यायला तयार असतात लोक. हिशोबाला पक्की बिलं मागा, पण रिक्षाभाडं, चहा, भाजी याला साधं व्हाउचर सहीने चालेल असं आधीच त्या संस्थेच्या सीएला विचारून ठरवा, नाहीतर मार्चमध्ये सगळे रडतात. वापर केल्याचं प्रमाणपत्र एकत्रच, एकाच नमुन्यात.

आणि सगळी मतं जाहीर करा. फक्त जिंकलेल्यांची नाही, प्रत्येकाला किती पडली, किती चिठ्ठ्या बाद झाल्या, कुणाच्या वाट्यातून किती गेले, उरलेले किती, चौकातल्या फळ्यावर आणि प्रत्येक सोसायटीच्या नोटीस बोर्डावर. ज्यांना पैसे मिळाले नाहीत त्यांच्याकडे निकालाच्या आठवड्यात स्वतः जाऊन या, फोनवर नको. त्यांना मतांचा कागद द्या. ज्या गटाला दोनशे मतं पडली पण पैसे मिळाले नाहीत, त्यांना हे कळतं की दोनशे लोकांना आपलं काम हवंय, आणि तो कागद दुसऱ्या कुठल्या ट्रस्टकडे अर्ज करताना जोडता येतो, मी जोडायला लावलाय आणि त्यावर पैसे मिळालेले पण बघितलेत.

तुमचं पहिलंच वर्ष असेल तर ठरवण्यापासून पहिल्या हप्त्यापर्यंत चार महिने धरा, गणपती ते दिवाळीच्या मध्ये मतदान ठेवू नका, मंडळं पण थकलेली असतात आणि वर्गणी देऊन लोक पण. जानेवारी-फेब्रुवारी बरा, परीक्षा सुरू व्हायच्या आत. मोजणीचं एक्सेल हवं असेल तर सांगा, माझ्याकडे आहे, मराठीत केलेलं आहे, आणि फळ्यावर कसं मांडायचं त्याचे दोन-तीन फोटो पण पाठवतो.